रात्रीच बहिरा होणारा रेडिओ : एका लहान मासेमारी नौकेचे प्रकरण

तक्रार एका वाक्यात सांगण्यासारखी होती. साधारण ९ मीटर लांबीच्या, फायबरच्या सांगाड्याच्या मासेमारी नौकेवरचा व्हीएचएफ रेडिओ (नौका आणि किनारा यांच्या बोलण्यासाठीचा, अति उच्च वारंवारतेचा) दिवसा व्यवस्थित चालत असे, मात्र रात्री जाळे टाकल्यावर किनाऱ्यावरून येणारी हवामानाची सूचना तुटक ऐकू येई आणि पुढे तीही बुडून जाई. किनाऱ्यापासून ४५ किलोमीटरवर दिवसा जी सूचना शब्दन् शब्द समजत असे, तीच रात्री ३० किलोमीटरच्या पुढे केवळ खरखर होऊन राहत असे. रेडिओ जुना नव्हता. नौकेच्या तांडेलांनी (नौका चालवणाऱ्या प्रमुखांनी) माझ्याकडे येण्यापूर्वीच साधी अँटेना काढून २.४ मीटर लांबीची, जास्त गेनची, म्हणजे शक्ती क्षितिजाकडे जास्त एकवटणारी, अँटेना बसवली होती. तरीही फरक पडला नव्हता, किंबहुना त्यांच्या मते लाटा उठल्या की आवाज पूर्वीपेक्षा जास्त हेलकावे खाऊ लागला होता.

या प्रकरणात माझी पहिली भेट वाया गेली. ती का वाया गेली हे सांगितल्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही, म्हणून आरंभ तिथूनच करतो.

पहिली भेट : सकाळी दहाला, धक्क्यावर

नौका धक्क्याला बांधलेली होती, इंजिन बंद होते आणि ऊन चांगले पडले होते. मी रेडिओच्या मागे एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते ते दाखवणारा) जोडला, प्रक्षेपणाचे बटण दाबले आणि काटा १.३ वर थांबलेला पाहिला. ५० ओहमच्या व्यवस्थेत १.३ म्हणजे परत फिरणारी शक्ती २ टक्क्यांहूनही कमी, अर्थात कोणीही समाधान मानावे असा आकडा. कामकाजाच्या एका चॅनेलवर दुसऱ्या नौकेशी बोललो, दोन्हीकडून आवाज स्वच्छ होता. कनेक्टर सैल आहेत का ते पाहिले, दोन पुन्हा घट्ट केले आणि रेडिओत दोष नसल्याचे सांगून मी उतरलो.

आठवड्याभराने तांडेल पुन्हा आले. या वेळी मी आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: "तुमचा आवाज बाकीच्या नौकांना पोचतो का?"

"पोचतो की. उलट तेच म्हणतात, आम्ही हाका मारून दमलो, तू उत्तरच देत नाहीस."

या एका उत्तरात अर्धे निदान होते. अँटेना, केबल आणि कनेक्टर यांचा दोष दोन्ही दिशांना सारखाच जाचतो. ज्या केबलमध्ये बाहेर जाणारी निम्मी शक्ती जिरते, तीच केबल आत येणारा निम्मा संदेशही जिरवते. दोन्ही नौकांवर २५ वॅटचे रेडिओ आणि साधारण सारख्या अँटेना असतील, तर "मला ऐकू येत नाही, पण त्यांना माझे ऐकू येते" ही अवस्था केवळ केबलमुळे निर्माण होऊ शकत नाही. समोरच्याकडे ५ वॅटचा हातातला सेट असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे असमतोल मुळातच असतो. इथे तसे नव्हते. ऐकण्यातच अडचण असेल आणि बोलण्यात नसेल, तर संदेश कमी पोचतो आहे असे न मानता आपल्याच नौकेवर काहीतरी गोंगाट करीत आहे असे मानून शोध सुरू करावा लागतो. शिवाय अँटेनाची उंची दिवसा आणि रात्री बदलत नाही. मध्यम लहरींवरचे रेडिओ प्रसारण रात्री वेगळे वागते, कारण त्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परततात. १५६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सागरी व्हीएचएफ पट्टा साधारणपणे त्या थरांवर अवलंबून नसतो. मग नौकेवर रात्रीच सुरू होणारी वस्तू कोणती, एवढेच शोधायचे उरले होते, आणि मी तपासणी केली होती ती सकाळी दहाला.

दुसरी भेट : अंधार पडल्यावर

एफएम रेडिओत (सागरी व्हीएचएफ याच जातीचा) गोंगाट ओळखणे वाटते तितके सरळ नाही. स्क्वेल्चचे, म्हणजे ठरावीक पातळीखालची खरखर अडवणारे, बटण पूर्ण उघडले की स्पीकरमधून जो 'स्स' असा आवाज येतो, तो अँटेनातून गोंगाट शिरला तरी फारसा मोठा होत नाही, कारण कोणताही संदेश नसताना तो तसाही कमाल पातळीवरच असतो. त्यामुळे दिवे लावून आणि विझवून नुसता कान दिला तर फरक जाणवत नाही, आणि अनेक जण इथेच फसतात. फरक दिसतो तो स्क्वेल्चच्या बटणावर: खरखर नेमकी कुठे बंद होते, ती जागा सरकते.

पद्धत अशी. नौकेवरील रेडिओ सोडून सर्व काही बंद करावे, एखादा मोकळा चॅनेल निवडावा, स्क्वेल्च पूर्ण उघडून हळूहळू बंद करत न्यावा आणि खरखर जिथे जेमतेम थांबते तिथे बटण ठेवावे. त्यानंतर एकेक उपकरण सुरू करावे. खरखर पुन्हा उसळली, तर त्या उपकरणाने रेडिओभोवतीच्या गोंगाटाची पातळी वर नेली असे समजावे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस (नौकांची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी व्यवस्था) यांच्या ग्रहणावर होणाऱ्या परिणामाबद्दल जी सुरक्षा सूचना काढली, तिच्यातली चाचणीही मुळात हीच आहे. तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

या नौकेवर सर्व बंद असताना खरखर थांबण्याची जागा घड्याळातल्या नऊच्या आकड्यापाशी आली. फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी मासे शोधणारे यंत्र) सुरू केल्यावर बटण तिथेच राहिले, फक्त एका चॅनेलवर बारीक टकटक आली. केबिनमधल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर खोचला, तेव्हा जागा नऊवरून अकरावर सरकली. मग तांडेलांनी डेकवरचे दोन एलईडी फ्लडलाइट लावले. सबंध डेक दिवसासारखा उजळला आणि त्याच क्षणी रेडिओ खवळला. खरखर थांबवायला बटण तीनच्या आकड्यापर्यंत न्यावे लागले. तांडेल रात्री हेच करीत आले होते. खरखर नको म्हणून स्क्वेल्च जवळजवळ टोकाला न्यायचा, आणि मग दुरून येणारा प्रत्येक क्षीण संदेश त्या बंद दरवाज्याबाहेरच अडायचा.

दिव्याचा रेडिओशी संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. एलईडीला ठरावीक विद्युतप्रवाह लागतो; बॅटरीचा दाब मात्र ११ पासून १४ व्होल्टपर्यंत बदलत राहतो. दोघांच्या मध्ये असलेले छोटे सर्किट प्रवाह सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखो वेळा तोडते आणि जोडते. ती तोडजोड जितकी झटक्यात होईल तितके दिव्याचे सर्किट कमी तापते, पण त्याच झटक्यांतून फार वरच्या वारंवारतेपर्यंत पसरलेला कचरा निघतो. दिव्याला पुरेशी गाळणी नसेल, तर हा कचरा दिव्याच्या तारांवर येतो आणि त्या लांब तारा स्वतःच अँटेनासारख्या वागू लागतात. चांगल्या सागरी उपकरणांसाठी आयईसी ६०९४५ हे मानक आहे आणि त्यात १५६ ते १६५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या उत्सर्जनाची मर्यादा मुद्दाम फार कडक ठेवलेली आहे, कारण आपत्कालीन हाकेचा चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, डिजिटल हाकेचा चॅनेल ७० म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झ आणि एआयएसच्या दोन्ही वारंवारता (१६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ) त्याच पट्ट्यात बसतात. या नौकेवरच्या दिव्यांवर अशी कोणतीही खूण नव्हती.

गोंगाट नेमका कुठून पसरतो हे पाहण्यासाठी मी हातातला छोटा सेट स्क्वेल्च जेमतेम मिटवून डेकवर फिरवला. दिव्याच्या काचेसमोर तो जवळजवळ गप्प होता. दिव्याच्या पाठीवरून निघणाऱ्या दुहेरी तारेजवळ नेताच तो फुत्कारू लागला आणि ती तार डोलकाठीवरून खाली जिथे जिथे गेली होती तिथे तिथे फुत्कारतच राहिला. डोलकाठीच्या मुळाशी मात्र मी थांबलो, कारण तिथे दिव्याची तार आणि अँटेनाची केबल एकाच प्लास्टिकच्या नळीतून, एकमेकींना चिकटून खाली उतरत होत्या. नवी लांब अँटेना बसवताना सोय म्हणून हे केले गेले होते. अँटेनाही दिव्यापासून हातभर अंतरावर आली होती. ऐकू यावे म्हणून केलेल्या बदलाने रेडिओला गोंगाटाच्या कुशीत नेऊन ठेवले होते.

गोंगाटाची किंमत अंतरात

स्क्वेल्चची जागा सरकली म्हणजे नेमके किती नुकसान झाले, हे बटणावरून सांगता येत नाही. म्हणून नौका बाहेर नांगरून ठेवली आणि एक खलाशी हातातला सेट १ वॅटवर ठेवून होडीतून दूर जात राहिला. तो कामकाजाच्या चॅनेलवर आकडे वाचत होता आणि त्याच्या जीपीएसवरचे अंतर आम्ही लिहून घेत होतो. (अशा चाचण्या चॅनेल १६ वर कधीही करू नयेत; तो हाकेसाठी आणि संकटासाठी मोकळा ठेवायचा असतो.) दिवे लागलेले असताना आकडे सुमारे अडीच किलोमीटरवर तुटू लागले, दिवे विझवताच ते सुमारे ५ किलोमीटरपर्यंत समजत राहिले.

अंतर निम्म्यावर येणे हे ऐकायला जितके वाटते त्याहून गंभीर आहे. समुद्राच्या सपाट पृष्ठभागावर थेट येणारी लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना बऱ्याचशा रद्द करतात, त्यामुळे रेडिओ क्षितिजाच्या (पृथ्वीच्या वक्रतेमुळे थेट लहर जिथवर पोचते त्या मर्यादेच्या) आत संदेशाची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने उतरते. अंतर दुप्पट झाले की संदेश सोळा पटींनी क्षीण होतो. याचाच उलट अर्थ असा की पल्ला निम्मा झाला असेल तर गोंगाट सुमारे सोळा पट, म्हणजे १२ डेसिबलच्या (शक्तीची पट मोजण्याचे माप) आसपास वाढलेला आहे. ज्यांना जास्त वॅटचा मोह पडतो त्यांनी हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहावा: १ वॅटऐवजी २५ वॅट वापरले तरी पल्ला पंचवीस पट होत नाही, तो साधारण सव्वादोन पटच होतो.

सर्वांत काळजीची बाब मला नंतर सुचली. स्पीकरवरचा आवाज बिघडला तर माणसाला निदान कळते तरी. चॅनेल ७० वर कोणीही कान देऊन बसत नाही. तिथे रेडिओ स्वतःच डिजिटल हाक ऐकतो आणि ती आली तरच घंटा वाजवतो. गोंगाटात ती हाक बुडाली, तर काही चुकले आहे याचा मागमूसही नौकेवर राहत नाही.

केबल, जी तपासणीत निर्दोष ठरली होती

दिवे विझल्यावर पल्ला सुधारला, तरी माझ्या अनुभवाप्रमाणे तो आणखी असायला हवा होता. म्हणून वॅटमीटर या वेळी रेडिओच्या मागे आणि मग केबलच्या दुसऱ्या टोकाला, अँटेनाच्या अगदी खाली, असा दोनदा लावला. रेडिओतून २२ वॅट निघत होते, वर पोचत होते ९. केबल पातळ आरजी-५८ जातीची होती आणि जास्तीची लांबी गुंडाळून ठेवल्याने एकूण ११ मीटर भरली. या वारंवारतेला आरजी-५८ दर मीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल खाते, म्हणजे निर्दोष असती तरी वर १३ वॅटच पोचले असते. उरलेले ४ वॅट डेकखालच्या जोडात गेले होते. त्यावरची टेप सोडली तेव्हा आतून पाण्याचा थेंब ओघळला. पितळी कनेक्टरच्या तोंडाशी हिरवी पूड जमली होती आणि तांब्याची जाळी चाकूने खरवडली तरी काळीच राहिली. वीतभर मागे केबल कापली तरी जाळी काळीच होती, कारण पाणी जाळीतून वातीसारखे चढत जाते.

मग पहिल्या दिवशीचा १.३ हा आकडा इतका चांगला का आला होता? केबल खराब होती म्हणूनच तो चांगला आला होता. अँटेनाकडून परत फिरलेली शक्ती मीटरपर्यंत यायच्या आधी तीच केबल पुन्हा जिरवते, त्यामुळे केबल जितकी जास्त खाणारी तितका रेडिओच्या बाजूचा आकडा गोड दिसतो. केवळ रेडिओमागे मीटर लावून प्रमाणपत्र देणे हे त्या दिवशी मी केले आणि आता करीत नाही.

इथे कामाच्या क्रमाबद्दल एक मुद्दा आहे आणि माझ्या मते या प्रकरणातला तोच सर्वांत उपयोगी आहे. गोंगाट अँटेनातूनच शिरत असेल, तर केबल संदेश आणि गोंगाट दोघांनाही सारखेच कापते. त्यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. म्हणजे दिवे लागलेले असताना जाड, उत्तम केबल टाकली असती तरी रात्रीच्या ऐकण्यात कानाला कळेल असा फरक पडला नसता, आणि तांडेलांनी रास्तपणे मला दुसऱ्यांदा नावे ठेवली असती. लांब अँटेना बसवूनही फायदा का झाला नाही, याचेही मोठे कारण हेच. आधी गोंगाट उतरवावा, मग केबल. त्यानंतरच केबलच्या प्रत्येक डेसिबलचे चीज होते.

काय केले

दिव्यांवर प्रथम फेराइटची (तारेवरचा वरच्या वारंवारतेचा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी बसवून पाहिली. व्हीएचएफसाठीच्या मिश्रणाची कडी दिव्याच्या पाठीला अगदी खेटून, तारेचे दोन वेढे घेऊन लावल्यावर स्क्वेल्चची जागा तीनवरून एकवर आली. सुधारणा खरी होती, पण पुरेशी नव्हती. कमी वारंवारतेसाठीची फेराइट कडी इथे फारशी कामाला येत नाही, आणि कडी दिव्यापासून दूर लावली तर मधला तारेचा तुकडा गोंगाट पसरवतच राहतो. शेवटी उत्सर्जनाची चाचणी झालेले, बंद धातूच्या कवचाचे दोन दिवे घेतले गेले. त्यांच्या तारांना एकमेकींभोवती पीळ दिला आणि त्या डोलकाठीच्या एका बाजूने उतरवल्या; अँटेनाची केबल दुसऱ्या बाजूने, स्वतंत्र नळीतून नेली. जिथे दोघींना ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडले.

२.४ मीटरची अँटेना उतरवून सुमारे १ मीटरची अर्धतरंगी अँटेना लावली. १५६.८ मेगाहर्ट्झला तरंगलांबी १.९ मीटरच्या आसपास असते, म्हणून अर्धा तरंग मीटरभराचा. अशा अँटेनाला खाली धातूचा पृष्ठभाग लागत नाही, ही फायबरच्या नौकेवर मोठी सोय आहे. जास्त गेन म्हणजे जास्तीची शक्ती नव्हे. तीच शक्ती क्षितिजाकडे चपटी दाबलेली असते. ६ डेसिबलच्या अँटेनाचा झोत उभ्या दिशेत सुमारे ३५ अंशांचा असतो आणि ९ मीटरची नौका आडव्या लाटेवर वीस-पंचवीस अंश सहज कलते. झोत एकदा पाण्यात, एकदा आभाळात जातो आणि आवाज त्याच लयीत चढतो-उतरतो. तांडेलांनी सांगितलेले "हेलकावे" ते हेच.

छोट्या अँटेनासाठी खांब वर नेता आला आणि तिचा मध्य अडीच मीटरवरून ४ मीटरवर गेला. क्षितिजाचे सूत्र सोपे आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळे घ्यावीत, त्यांच्या बेरजेला ४.१२ ने गुणावे, किलोमीटर मिळतात. किनाऱ्यावरची अँटेना २५ मीटरवर धरली, तर आधी हे अंतर २७ किलोमीटर होते, नंतर सुमारे २९ झाले. त्यापलीकडेही संदेश पोचतो, मात्र झपाट्याने क्षीण होत जातो. फायदा दोन किलोमीटरहूनही कमी. पण क्षितिजाच्या आत उंची वाढल्याने संदेशही तगडा होतो आणि छोट्या अँटेनाने गमावलेला गेन त्यातून भरून निघाला.

केबल आरजी-२१३ जातीची, मध्ये एकही जोड न ठेवता, मोजून ६ मीटर टाकली. कनेक्टर डाख देऊन बसवले, त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळली आणि केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोल दिला, जेणेकरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळातून गळून पडेल. अँटेनाखाली आता १९ वॅट पोचतात.

रेडिओच्या वीजपुरवठ्याचे काम त्या मानाने किरकोळ होते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी अल्टरनेटरची बारीक शिट्टी पुरवठ्याच्या तारेतून येत होती आणि गंजलेल्या फ्यूजमुळे बोलताना रेडिओला ११.१ व्होल्टच मिळत होते. थेट बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र तारा आणि नवा फ्यूज यांनी दोन्ही सुटले.

होडीची चाचणी त्याच खलाशाने, त्याच १ वॅटवर, दोन्ही दिवे लावून पुन्हा केली. आकडे ६ किलोमीटरच्या थोडे अलीकडेपर्यंत समजले. रात्रीची सूचना ४५ किलोमीटरवर पुन्हा ऐकू येऊ लागल्याचे तांडेलांनी पुढच्या फेऱ्यांनंतर कळवले. खवळलेल्या हवेत ती अधूनमधून तुटते, पण ती दिवसाही तुटते. फिशफाइंडरची टकटक तशीच सोडली. ती एकाच चॅनेलवर येते आणि तो चॅनेल त्यांच्या वापरात नाही.

निघताना सर्व बंद असतानाची स्क्वेल्चची जागा, म्हणजे नऊचा आकडा, मी रेडिओच्या तोंडावर पांढऱ्या रंगाच्या टिंबाने दाखवून ठेवली आणि बटण त्या टिंबावरच ठेवायला सांगितले. महिन्याभराने तांडेलांचा फोन आला. बटण टिंबावर असूनही रेडिओ खरखरू लागला होता. त्यांनी मला न विचारता एकेक वस्तू बंद करत नेली होती आणि शेवटी एका खलाशाने आदल्या रात्री आणलेला नवा चार्जर सॉकेटमधून उपटल्यावर रेडिओ गप्प झाला होता. त्यांना एवढेच विचारायचे होते की चार्जर फेकावा की किनाऱ्याला लागेपर्यंत तो खिशात ठेवला तरी चालेल.